शालेय पोषण आहार आणि उद्योगसंस्थांची भागीदारी : ताट कोणाच्या हाती?

प्रास्ताविक

उपाशीपोटी वर्गात बसलेल्या मुलाचे लक्ष फळ्याकडे नसते, हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. शाळेत एक वेळचे जेवण मिळू लागले की हजेरी वाढते, मुलींची गळती कमी होते आणि निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसतात. त्यामुळे विकसनशील देशांत शाळेतील जेवण ही दानधर्माची बाब न राहता शिक्षणव्यवस्थेचे अंग बनले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरातील सुमारे ४६ कोटी ६० लाख मुलांना शासकीय योजनांतून शाळेत अन्न मिळत होते.

गेल्या पंचवीस वर्षांत या कामात उद्योगसंस्थाही उतरल्या आहेत. कोणी रोख पैसा देते, कोणी यंत्रसामग्री, कोणी आपली माणसे, तर कोणी जीवनसत्त्वांच्या पुड्या. काहींना शाळा म्हणजे आपल्या मालाची हमखास बाजारपेठ वाटते. या सर्व व्यवहारांना सरसकट ‘भागीदारी’ असे एकच नाव दिले जाते व त्यामुळे विचारात गोंधळ होतो. वाणिज्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अथवा गृहविज्ञान शिकविणाऱ्या अध्यापकांना हा विषय वर्गात मांडता यावा, या हेतूने प्रस्तुत लेखात भागीदारीचे प्रमुख प्रकार प्रत्यक्ष उदाहरणांसह तपासले आहेत. कंपनीने किती रक्कम दिली यावरून भागीदारीचे मोल ठरत नाही. ताटात काय असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे राहिला आणि कंपनी निघून गेल्यावर जेवण चालू राहिले काय, या दोन गोष्टींवरून ते ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

खर्चाचा खरा भार कोणावर?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाळेतील जेवण कंपन्यांच्या देणग्यांवर चालते, असे जाहिराती पाहून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. जगभरात या कामावर होणाऱ्या खर्चाचा जवळजवळ सर्व भाग, सुमारे ९९ टक्के, त्या त्या देशांच्या अंदाजपत्रकांतून येतो. अत्यल्प उत्पन्नाच्या देशांत मात्र बाहेरील मदतीवरचे अवलंबन अजून मोठे आहे.

आपल्या देशाचा इतिहास हेच सांगतो. मद्रास राज्यात कामराज यांच्या कारकिर्दीत १९५६ मध्ये दुपारच्या जेवणाची योजना सुरू झाली, तेव्हा खर्चाचा साधारण ६० टक्के भाग शासनाचा आणि ४० टक्के भाग स्थानिक लोकवर्गणीचा होता. वर्गणी सर्व गावांत सारखी जमत नाही, आणि जिथे गरज अधिक तिथेच ती कमी जमते. हा अशा व्यवस्थेतला मूळचा दोष होय. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तामिळनाडूत योजना विस्तृत केली ती शासकीय खर्चाने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशव्यापी योजना सुरू झाली; परंतु अनेक राज्ये शिजविलेल्या अन्नाऐवजी कोरडे धान्य वाटीत. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजविलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक झाले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांचा तो वैधानिक हक्क ठरला. २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले, तेव्हा सुमारे ११ लाख २० हजार शाळांतील ११ कोटी ८० लाख मुले तिच्या कक्षेत होती.

पुढे निकषही वाढविण्यात आले. प्राथमिक वर्गासाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिकसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. धान्य केंद्राकडून मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्रत्येक मुलामागे दररोज प्राथमिकसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे असा दर ठरविण्यात आला. स्वयंपाकी व मदतनीस स्त्रियांसाठी केंद्राने २००९ मध्ये दरमहा १,००० रुपये मानधन ठरविले. त्यात राज्ये आपापली भर घालतात. वाण्याच्या दुकानातील भाव ज्याला ठाऊक आहेत त्याला या आकड्यांची ओढाताण समजेल. उद्योगसंस्था प्रवेश करतात त्या नेमक्या या फटीतून. पाया शासनाचा असतो आणि जिथे तो अपुरा पडतो तिथे भर घालण्यास वाव असतो.

कौशल्याची भागीदारी : टीएनटीचे उदाहरण

नेदरलँड्समधील टीपीजी (नंतरची टीएनटी) ही टपाल व मालवाहतूक कंपनी. तिचे प्रमुख पीटर बाकर यांच्या पुढाकाराने डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने जागतिक अन्न कार्यक्रमाशी पाच वर्षांचा करार केला. दरवर्षी सुमारे ५० लाख युरो मोलाची मदत देण्याचे ठरले व तिचा मोठा भाग रोख नसून सेवा, साधने व मनुष्यबळ या रूपात होता. ही निवड विचारपूर्वक होती. अन्न कार्यक्रमाचे निम्मे काम म्हणजे धान्य वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचविणे आणि टीएनटीचा धंदाच पोहोचविण्याचा. गोदामांची रचना, वाहनांचे नियोजन, मालाचा माग ठेवणे या बाबतींत कंपनीची माणसे जे शिकवू शकत होती ते पैशाने सहजासहजी विकत मिळाले नसते. करारात शालेय आहाराला स्वतंत्र स्थान होते. कंपनीचे कर्मचारी प्रत्यक्ष देशांत जाऊन शाळांसाठी काम करीत, तसेच पदयात्रा काढून निधी जमवीत.

या उदाहरणातील चांगली बाजू स्पष्ट आहे. कंपनीने आपल्याला येणारे काम दिले आणि मुलांनी काय खावे यात तिचा काही स्वार्थ नव्हता. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०११ मध्ये टीएनटीचे विभाजन झाले आणि २०१६ मध्ये तिची एक्सप्रेस शाखा फेडेक्सने विकत घेतली. ज्या कंपनीने करार केला ती कंपनीच त्या रूपात उरली नाही. भागधारक बदलतात, प्रमुख बदलतात, नफा-तोटा बदलतो. शाळेत मात्र दरवर्षी नवी पहिली भरते. म्हणून कौशल्याची भागीदारी तेव्हाच फलदायी होते, जेव्हा ते कौशल्य स्थानिक यंत्रणेच्या हाती उतरते. गोदाम कसे लावावे हे शासकीय कर्मचारी शिकले तर ते ज्ञान मागे राहते. नुसतीच मालमोटार भाड्यावाचून मिळाली तर ती कंपनीबरोबर जाते.

पोषक घटकांची भागीदारी

दुसरा प्रकार थोडा नाजूक आहे. डीएसएम ही जीवनसत्त्वे बनविणारी डच कंपनी (२०२३ पासून डीएसएम-फर्मेनिख) २००७ पासून जागतिक अन्न कार्यक्रमाची भागीदार झाली. अन्नावर भुरभुरण्याच्या सूक्ष्म पोषक द्रव्यांच्या पुड्या, पोषणयुक्त तांदूळ इत्यादींवर दोघांनी मिळून काम केले. लोह, आयोडीन, ‘अ’ जीवनसत्त्व यांची उणीव ही खरी समस्या आहे आणि ती दूर करण्याचे तंत्रज्ञान अशाच कंपन्यांकडे असते. तेव्हा त्यांची मदत घेणे गैर नाही.

मात्र येथे देणारा हाच विक्रेताही असतो. मुलांच्या रक्तातील लोह वाढविण्याचे मार्ग अनेक आहेत : पालेभाजी, कडधान्ये, अंडी, जंतनाशक गोळ्या व पोषणयुक्त तांदूळ. यांपैकी कोणता मार्ग कुठे योग्य, हे ठरविणाऱ्या समितीत त्या मार्गाचा विक्रेता असावा काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. विक्रेत्याकडून माहिती घ्यावी, नमुने घ्यावेत, प्रशिक्षणही घ्यावे. परंतु निर्णय ज्याला विक्रीतून लाभ नाही अशा तज्ज्ञांनी करावा, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

स्वयंपाकघराची भागीदारी

तिसरा प्रकार आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. हैदराबादेत १९९८ मध्ये नांदी फाउंडेशनची स्थापना झाली. औषध उद्योगातील डॉ. के. अंजी रेड्डी हे तिचे प्रमुख संस्थापक. मध्यवर्ती स्वयंपाकघरातून अनेक शाळांना जेवण पुरविण्याचे काम या संस्थेने केले. बंगळुरूत अक्षयपात्र फाउंडेशनने २००० मध्ये पाच शाळांतील १,५०० मुलांपासून सुरुवात केली आणि आज हुबळी, वडोदरा, हैदराबाद यांसह अनेक शहरांत तिची स्वयंपाकघरे आहेत. धान्य व ठरलेला खर्च शासनाकडून, तर इमारत, यंत्रे, वाहने आणि खर्चातील तूट देणग्यांतून, असा हा मेळ आहे. देणगीदारांत मोठ्या कंपन्या असतात.

मध्यवर्ती स्वयंपाकघराचे फायदे खरे आहेत. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या भांड्यांत हजारो मुलांचा भात थोड्या वेळात होतो, स्वच्छतेवर देखरेख ठेवता येते, शिक्षकांच्या डोक्यावरचे शिध्याचे ओझे उतरते आणि शहरातील ज्या शाळांत चूल मांडायलाही जागा नाही त्यांची सोय होते. शाळेतच रांधले की सर्व काही सुरक्षित, असेही म्हणता येत नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली. ते अन्न शाळेतच शिजले होते. कोठारावर आणि चुलीवर देखरेख नसेल तर लहान स्वयंपाकघरही घातक ठरते.

तथापि मोठ्या स्वयंपाकघराची किंमतही आहे. गावातील गरीब, बहुधा विधवा अथवा परित्यक्ता स्त्रीला मिळणारे काम जाते. स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी सांगितले होते. ते समान वागणुकीचे शिक्षणही त्याबरोबर जाते. पहाटे शिजलेले अन्न दुपारी मुलांपर्यंत पोहोचते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संस्थेच्या आहारविषयक धारणा ताटात उतरतात. अक्षयपात्र आपल्या जेवणात कांदा-लसूण वापरीत नाही. यावरून २०१८-१९ मध्ये कर्नाटकात वाद झाला. अन्नातील पोषणमूल्ये निकषांप्रमाणे आहेत, असे संस्थेचे म्हणणे होते. चव मुलांच्या घरच्या जेवणाशी जुळत नसेल तर अन्न पोटात जात नाही व निकष कागदावर राहतो, असे टीकाकारांचे म्हणणे होते. या वादात कोणाच्या श्रद्धेचा अनादर करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की शासकीय धान्य, शासकीय शाळा आणि नाना घरांतली मुले असताना पाककृती कोणी ठरवावी? तिचे उत्तर देणगीच्या रकमेवरून ठरू नये.

पैशाची भागीदारी : कर्नाटकातील अंडी

याच राज्यातले दुसरे उदाहरण वेगळ्या दिशेचे आहे. कर्नाटकात सरकार शाळांतील मुलांना आठवड्यातून दोन दिवस अंडी देत होते. जुलै २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने राज्य शासनाशी तीन वर्षांचा करार केला व उरलेल्या चार दिवसांच्या अंड्यांचा खर्च उचलला. त्यामुळे पहिली ते दहावीच्या सुमारे ५५ लाख मुलांना आठवड्यातून सहा दिवस अंडे मिळू लागले. बेळगाव जिल्ह्यातील शासकीय व अनुदानित शाळाही, माध्यम मराठी असो, उर्दू असो वा कन्नड, याच योजनेत येतात. जे मूल अंडे खात नाही त्याच्यासाठी केळ्यासारखा पर्याय ठेवण्यात आला.

याचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे आहे. योजनेत एका अंड्यामागे ६ रुपये धरले होते. ५५ लाख मुलांचा एका दिवसाचा खर्च झाला ३ कोटी ३० लाख रुपये. वर्षात असे जादा १५० दिवस धरले तर सुमारे ४९५ कोटी, आणि तीन वर्षांचे जवळजवळ १,५०० कोटी. जाहीर झालेली रक्कम याच्याच आसपास होती. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे प्राथमिक वर्गातील मुलासाठी ठरविलेल्या १२ ग्रॅमपैकी निम्मी एका अंड्यातूनच मिळतात. शिवाय अंड्यात पाणी घालून ते वाढविता येत नाही. मुलाला मिळाले की नाही, हे मूल स्वतःच सांगू शकते.

या भागीदारीत तीन गोष्टी लक्ष देण्यासारख्या आहेत. अंडे द्यायचे हा निर्णय शासनाने आधीच घेतलेला होता, फाउंडेशनने त्याची व्याप्ती वाढविली. फाउंडेशन अंडी विकत नाही. आणि मुलाला निवडीची मुभा राहिली. परंतु उणिवाही आहेत. बाजारात अंड्याचा भाव सहा रुपयांवर गेला की फरक कोणी भरायचा, असा प्रश्न मुख्याध्यापकांसमोर उभा राहिला व तशा तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. भागीदार दोन मोठे असले तरी तुटीचा भार बाजारात जाणाऱ्या शिक्षकाच्या खिशावर पडला, तर करारात काहीतरी राहून गेले असेच म्हणावे लागेल. दुसरे म्हणजे करार तीन वर्षांचा आहे. सहा दिवस अंडे खाण्याची सवय झालेल्या मुलांना पुढे पुन्हा दोनच दिवस द्यायचे काय, याचे उत्तर करार चालू असतानाच अंदाजपत्रकातून तयार व्हायला हवे.

येथे एक कायदेशीर बाब नमूद करावी. अझीम प्रेमजी फाउंडेशन ही परोपकारी संस्था आहे, नफ्यासाठी चालणारी कंपनी नव्हे. कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ आहे. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल अथवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत, अशी त्यात तरतूद आहे व भूक आणि कुपोषण निवारण हा त्या यादीतला पहिला विषय आहे. म्हणजे जवळच्या कारखान्याकडे भोजनगृह, पिण्याचे पाणी किंवा गॅसच्या शेगडीसाठी जाणारी शाळा भीक मागत नाही. कायद्याने राखून ठेवलेल्या रकमेसाठी ती प्रस्ताव देते.

बिस्किटांचा धडा

भागीदारीच्या नावाखाली काय होऊ शकते, याचे उदाहरण २००७-०८ मध्ये घडले. बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रे पाठवून शाळेत शिजविलेल्या अन्नाऐवजी बिस्किटांचे पुडे द्यावेत, असा प्रचार केला. स्वच्छता, सोय, जीवनसत्त्वे अशी कारणे पुढे केली होती. अनेक खासदारांनी, पक्षभेद न राहता, त्या आशयाची पत्रे मनुष्यबळ विकास मंत्र्यांना लिहिली. पोषणतज्ज्ञांनी आणि अनेक राज्य शासनांनी विरोध केल्यावर हा प्रस्ताव बारगळला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ व अमर्त्य सेन यांनी आपल्या २०१३ च्या ग्रंथात या प्रकरणाची नोंद घेतली आहे.

मैदा, साखर व तेल यांच्या पुड्याने पोट भरल्यासारखे वाटते, परंतु डाळ-भाजीची जागा तो घेऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की कोट्यवधी मुलांचे रोजचे ताट म्हणजे प्रचंड आणि कायमची बाजारपेठ होय. तिच्यावर डोळा ठेवणारा प्रत्येक जण मुलांच्या हिताचीच भाषा बोलतो. भाषेवरून भेद कळत नाही, हिशेबावरून कळतो.

लहान व्यवसायही भागीदारच

उद्योग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठी कंपनी येते. ब्राझीलने वेगळी वाट धरली. तेथील शालेय आहार १९५५ पासून चालू आहे. २००९ च्या कायद्याने केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखून ठेवण्यात आली. शाळेला ताजी भाजी आणि शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक, असा दुहेरी लाभ त्यातून साधला. घानाने २००५ मध्ये स्थानिक स्वयंपाक-कंत्राटदार स्त्रियांमार्फत योजना सुरू केली. तेथे मात्र शासनाची देयके महिनोन्‌महिने थकू लागली. उधारीवर शिधा आणणारी बाई किती दिवस तग धरणार? अखेरीस तिने ताटातला घास लहान केला तर दोष एकट्या तिचा नाही. गोव्यात हे काम मुख्यतः महिलांच्या स्वयंसाहाय्य गटांकडे आहे, त्यामुळे घानाचा अनुभव तेथील वाचकांना परका वाटू नये. लहान भागीदाराला वेळेवर पैसे देणे, ही त्याच्याशी केलेल्या भागीदारीची पहिली अट होय.

वर्गात हा विषय कसा घ्यावा?

वरील उदाहरणांवरून कोणत्याही भागीदारीस लावता येतील असे पाच प्रश्न निघतात :

१) ताटात काय असावे, हे कोणी ठरविले?
२) देणारा तीच वस्तू विकतो काय?
३) करार संपल्यावर खर्च कोण उचलणार, हे लिहिले आहे काय?
४) तूट आली तर ती कोणाच्या खिशातून भरली जाते?
५) कोणाचे काम वाढले आणि कोणाचे गेले?

विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येकास जवळच्या एका शाळेच्या एका दिवसाचा हिशेब मांडावयास सांगावा. हजेरीपटावरील मुले किती, प्रत्यक्ष जेवली किती, शिधा किती निघाला, भाजी कोणत्या भावाने आली, स्वयंपाकी बाईंना मानधन शेवटचे कोणत्या महिन्याचे मिळाले, आणि शाळेला एखाद्या संस्थेची मदत असेल तर ती नेमकी कोणत्या स्वरूपाची? मुख्याध्यापकांची पूर्वपरवानगी घ्यावी, मुलांची नावे लिहू नयेत आणि निष्कर्ष शाळेला आधी दाखवावेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यातून खर्चलेखन कळते, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पंगत कळते.

समारोप

उद्योगसंस्थांना शाळेच्या दारातून परत पाठविणे शहाणपणाचे नाही. त्यांच्याजवळ पैसा आहे, यंत्रे आहेत, वेळेत काम पुरे करण्याची सवय आहे. परंतु शाळेतील जेवण हा आता मुलाचा कायदेशीर हक्क आहे, आणि हक्काला देणगीदार नसतो, जबाबदार असतो. ती जबाबदारी शासनाकडे राहून कंपनीने तिला हातभार लावला, तर कर्नाटकातल्या अंड्यासारखी भर पडते. जबाबदारीच कंपनीकडे सरकली, तर ताटातला पदार्थ तिच्या सोयीने बदलू लागतो. आपल्या गावच्या शाळेत उद्या एखादी कंपनी मदतीचा प्रस्ताव घेऊन आली, तर शाळा व्यवस्थापन समितीतील पालक सल्ल्यासाठी महाविद्यालयातील अध्यापकाकडेच येण्याचा संभव आहे. त्या वेळी कराराचा कागद त्यांच्यासोबत बसून वाचावा, आणि शेवटची तारीख उलटल्यावर काय होणार हे त्यात लिहिले आहे काय, ते आधी पाहावे.